दोरीला आरसा

बसकरं परत आली तेव्हा शेडमधल्या एकाही बाईने दुकानाला नावं ठेवली नाहीत, की नशिबाला बोल लावला नाही. सगळ्यांनी माना वळवल्या आणि परातवालीकडे पाहिलं.

परातवाली दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. हात कोपरापर्यंत ओले.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "यातल्या एकाला तरी मी टाका घातलाय का?"

"टाका नाही घातलास," मागून कोणीतरी म्हणालं, "पण वाख तूच भिजवलास ना."

वाखाची दोरी गोल गोल फिरवत न्यायची, दाभणाने शिवत जायचं, की बसायची गोल चटई होते. तिलाच त्या बसकर म्हणत. शहरातल्या दुकानात घाईघाईने ओलसरच पाठवली तेव्हा ही बसकरं इतकी सपाट होती, की वर वाटाणा ठेवला असता तर त्याला कुठे घरंगळावं ते कळलं नसतं. परत आली ती सगळीच्या सगळी कडा वर उचलून. रुसलेल्या पोराने ओठ पुढे काढावेत तशी. बचत गटाला मदत करणाऱ्या संस्थेच्या ताईने एक बसकर जमिनीवर ठेवून कडेला बोट लावलं. ते डुललं. बराच वेळ डुलत राहिलं.

ताई वयाने लहान, पण गटाचा माल दुकानापर्यंत नेण्याची सगळी धावपळ तीच करायची. तिने दुकानवाल्या मॅडमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "त्या म्हणाल्या, माझी गिऱ्हाईकं बसकरं नेतात ती बसायला, झुलायला नाही. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः येतायत. सपाट माल दिसला तर कायमचं काम देतील. नाहीतर यंत्रावरचा घेतील."

"म्हणजे आपली परातवालीची साथ पसरली म्हणायची," एकजण म्हणाली. काहीजणी हसल्या. परातवालीही हसली असती, पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत, आणि ते तिच्या लक्षात आलं.

परातवालीला हे नाव कसं पडलं ते सांगायला डोंगरापासून सुरुवात करावी लागेल. डोंगर एकच होता आणि त्याच्या दोन अंगांना दोन गावं. एक उगवतीचं, एक मावळतीचं. दोन्हीकडच्या बायका घायपाताची पानं कुटून वाख काढायच्या, दोरी वळायच्या, बसकरं शिवायच्या. पुढे डोंगराच्या पोटात कसलासा मौल्यवान दगड सापडला, डोंगर खाणीत गेला, आणि दोन्ही गावं उचलून एकाच वसाहतीत आणून ठेवली गेली. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. पहिल्या महिन्यात कितीतरी पुरुष कामावरून येऊन दुसऱ्याच्याच दारात चपला काढायचे. वसाहतीच्या टोकाला बर्फाचं जुनं गोदाम होतं. जाड भिंती, पाणी वाहून जायला जमिनीत पन्हळ. ते बचत गटाला शेड म्हणून मिळालं.

परातवालीचं माहेर उगवतीचं आणि सासर मावळतीचं. लग्न होऊन आली, सासूबाईंकडून टाका शिकली आणि तिने मोठ्या हौसेने पहिलं बसकर केलं. सासूबाई म्हणजे मावळतीच्या गावातला सगळ्यांत बारीक टाका. त्यांनी ते बसकर रात्रभर वाळू दिलं, सकाळी उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "सूनबाई, हे बसायला आहे की पीठ मळायला?"

त्या दिवसापासून ती परातवाली झाली.

तिने काय करून पाहिलं नाही! टाके आवळून घातले, सैल घातले. वाख जास्त भिजवला, कमी भिजवला. बसकरावर दगड ठेवला. दगडाखाली ते गरिबासारखं पडून राहायचं आणि दगड उचलला की संध्याकाळपर्यंत पुन्हा कडा वर. शेवटी सासूबाईंनी तिच्या हातातला दाभण काढून घेतला. "तू आपली वाख भिजव. काहींच्या हातातच असतं ते. त्याला तू तरी काय करणार?"

परातवालीला त्याचं फार दुःख झालं असं नाही. पण चैन पडेना. दातात शेंगदाण्याचं साल अडकावं आणि जीभ सारखी तिथेच जात राहावी, तसं झालं होतं. हातात असतं म्हणजे नक्की कुठे असतं? दोन्ही हातांत की एकाच? इतकी वर्षं झाली, तिचा वाख सगळ्या घराला पुरायचा, त्याच वाखाची सासूबाईंची बसकरं सपाट व्हायची. मग वाखात काही नाही. टाके तर सासूबाईंनीच शिकवलेले, बोट धरून. मग टाक्यांतही काही नाही. मग आहे कुठे?

आणि आता गटातल्या सगळ्यांचीच बसकरं परातीसारखी व्हायला लागली होती.

त्याच दुपारी सगळ्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना बसल्या आणि सभा झाली. अध्यक्षबाई उगवतीच्या. परातवालीच्या लहानपणच्या मैत्रीण. एका झाडावरून दोघी मिळून पडलेल्या.

"तू मैत्रीण आहेस म्हणून मी गप्प बसले असं कोणी म्हणायला नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुझं नाव काही दिवस गटातून काढूया. मॅडम येऊन जाऊ देत."

"आणि काढलं की परत घालशील?"

अध्यक्षबाईंनी पन्हळीत पडलेला वाखाचा तुकडा उचलून बाजूला टाकला. "बघू ना पुढचं पुढे."

परातवालीला त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. तिचा नवरा खाणीच्या फाटकावर पहारेकरी होता. तिथल्या कॅन्टीनला भांडी घासायला बाई हवी होती, आणि त्याने तिला दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "ज्यांनी माझा डोंगर खाल्ला त्यांची खरकटी मी काढणार नाही." गटातून नाव गेलं की तिसऱ्यांदा हे म्हणायची सोय उरणार नव्हती.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुनेच्या बाजूने बोलायची त्यांना सवय नव्हती आणि त्यांनी ती त्या दिवशीही लावून घेतली नाही. पण ताई मध्ये पडली.

"काढायचं तर काढा, पण आधी खात्री नको का करायला? या खेपेला मावशींनी वाखाला हातच लावायचा नाही. भिजवायचं काम दुसऱ्या कोणी करा. बाकी सगळं होतं तसंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बसकरं सपाट झाली तर दोष त्यांचा."

"आणि नाही झाली तर?" परातवालीने विचारलं.

"तर मग शोधायचं," ताई म्हणाली.

तर परातवालीला शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी झाली. रस्त्याच्या पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर ती जाऊन बसली. तिथून शेडचं उघडं दार समोर दिसायचं. जन्मभर कामात असलेल्या बाईला पहिल्यांदाच दुसऱ्यांचं काम बघायला मोकळा वेळ मिळाला होता.

दारातून दोरी वळणाऱ्या बायकांची रांग दिसत होती. पाय पसरलेले, वाखाचे दोन पेड मांडीवर, त्यावरून तळवा फिरायचा. उगवतीच्या आणि मावळतीच्या बायका आलटूनपालटून बसलेल्या, कारण तो अध्यक्षबाईंचा नियम होता. सुरुवातीला दोन गावं दोन कोपऱ्यांत बसायची आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून टोमणे उडायचे. म्हणून अध्यक्षबाईंनी ठरवलं, की जिचा हात दोरीवर जलद तिने दोरीच वळायची, जिचा टाका बारीक तिने शिवायचंच. आणि बसायचं ते मिसळून. दोऱ्यांचा ढीग एकच. जिला लागेल तिने उचलावी. टोमणे कमी झाले आणि मालही भराभर व्हायला लागला.

परातवाली बघत राहिली. एकीचा तळवा मांडीवरून पुढे जायचा तेव्हा शेजारणीचा मागे यायचा. तिसरीचा पुढे, चौथीचा मागे. जणू सगळ्याजणी मिळून एकच लांब करवत ओढतायत. बघायला मजा वाटत होती. तिने त्याचा अर्थ काही लावला नाही. पण डोळ्यांनी ते टिपून ठेवलं होतं.

नवी बसकरं वाळली, आणि एकूण एक परातीसारखी झाली. नाही म्हणायला दोन सपाट निघाली.

ताई दारातूनच ओरडली, "मावशी, या आत! तुम्ही सुटलात!"

परातवाली खो-खो हसत रस्ता ओलांडून आली. आत दुसरं कोणीच हसत नव्हतं. इतके दिवस दोष ठेवायला एक खुंटी होती. ती निघाली आणि सगळं अंगावर आलं.

"मी आधीपासून सांगत होते," शिवणारी एक मावळतीची म्हणाली, "उगवतीची दोरीच सैल. टाका घातला की पसरते."

"दोरी सैल? आणि तुम्ही टाके आवळता ते? चोराला बांधल्यासारखे!"

"आमच्या गावात असली दोरी गुरांनाही बांधली नसती."

"तुमच्या गावात गुरं राहिलीच कुठे होती? सगळी आमच्याकडे पळून आली होती चरायला!"

ताई मध्ये हात जोडत उभी होती. दिवस कलेपर्यंत एवढंच ठरलं, की मॅडम येऊन गेल्या की गट फोडायचा. उगवतीचा वेगळा, मावळतीचा वेगळा. शेड मात्र एकाच गटाच्या नावावर होती, आणि मॅडमना हवा तेवढा माल अर्ध्या बायकांच्याने होणारा नव्हता. हे ताईने सांगितलं, पण त्या वेळी कोणाला ऐकायचं नव्हतं.

"मी कुठल्या गटात?" परातवालीने विचारलं.

उगवतीच्या बायकांनी मावळतीकडे पाहिलं, मावळतीच्यांनी उगवतीकडे. माहेरच्यांना ती मावळतीची सून आणि सासरच्यांना उगवतीची लेक. शिवाय परातवाली. कोणीच बोट वर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीपुढची कपडे वाळत घालायची दोरी तुटली. दोरी सासूबाईंनी वळलेली, अजून मजबूत, एका जागी खिळ्याला घासून गेलेली. गाठ मारली तर कपड्यांना अडकते, म्हणून परातवालीने स्वतः वळलेला एक तुकडा आणला, दोन्हींची टोकं उकलली, पेडांत पेड घातले आणि जोड आवळायला पीळ दिला. तिचा तुकडा छान आवळला गेला. सासूबाईंची दोरी भसाभसा उकलली. तिने उलटा पीळ दिला. सासूबाईंची दोरी आवळली, तिचा तुकडा उघडला. तसंच दडपून तिने वर ओली चादर टाकली. जोड सुटला आणि चादर चिखलात.

"घातलीस?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "चादर घातलीस ना मातीत? अगं, दोरीला दोरी जोडता येऊ नये माणसाला!"

परातवाली चिखलात उकिडवी बसली होती. एका हातात सासूबाईंच्या दोरीचं टोक, दुसऱ्या हातात स्वतःच्या. दोरीवर पिळाच्या तिरक्या रेघा असतात. तिने दोन्ही दोऱ्या उभ्या धरल्या. तिच्या दोरीवरच्या रेघा उजवीकडे चढत होत्या. सासूबाईंच्या दोरीवरच्या डावीकडे.

उलटी धरली असेल, म्हणून तिने आपला तुकडा खालचं वर केला. रेघा उजवीकडेच. पुन्हा फिरवला. उजवीकडेच. हे काय आता? कुठल्याही टोकाने धरा, दोरी आपलं वळण सोडेना. परातवालीला आपण आजवर दोरी कधी पाहिलीच नव्हती असं वाटलं.

ती घरात गेली आणि मोरीवरच्या आरशापुढे उभी राहिली. आपला तुकडा आरशासमोर धरला. आरशातल्या दोरीच्या रेघा डावीकडे चढत होत्या. हुबेहूब सासूबाईंची दोरी.

नवरा कामावर जायला निघाला होता. दारातच थांबला. "दोरीला आरसा दाखवतेस? लग्नबिग्न आहे का तिचं?"

"अहो, आधी इकडे या. ही बघा. आणि ही आरशातली बघा."

त्याने बघितलं. "दोरी आहे."

"कुठली दोरी?"

"आपली," तो म्हणाला, आणि डबा घेऊन निघून गेला. त्याचीही काही चूक नव्हती. तिला तरी इतकी वर्षं कुठे दिसलं होतं?

मग पायरीवरून पाहिलेली ती करवत तिला आठवली. एकीचा हात पुढे, एकीचा मागे. चादर तशीच मोरीत टाकून ती शेडकडे निघाली. मागून सासूबाई, "अगं, चादर! चादर कोण धुणार?" करत.

शेडमध्ये तोंडं फिरवून बसलेल्या बायकांना तिने आधी दोरी वळायला लावलं. "बोलू नका, भांडू नका, नुसती वळा." सगळ्या उगवतीच्या बायका तळवा पुढे, गुडघ्याकडे ढकलत होत्या. सगळ्या मावळतीच्या मागे, पोटाकडे ओढत होत्या. स्वतः परातवाली पुढे ढकलत होती, आईने शिकवलं तसं.

"मग त्याने काय होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "दोरी ती दोरी."

"ती दोन सपाट झालेली कुठे आहेत?"

बसकरं आणली. शिवणारीला आपला टाका अक्षरासारखा ओळखू येतो. एक बसकर निघालं एका उगवतीच्या बाईचं. शिवणाऱ्यांमध्ये ती एकटीच उगवतीची होती. दुसरं सासूबाईंचं.

"आई, यात तुम्ही ढिगातली दोरी घेतली होतीत का?"

सासूबाईंनी आठवलं. "ढीग संपला होता त्या दिवशी. घरून आणली होती. माझी मी वळलेली."

परातवालीने दोन्ही बसकरांच्या रेघा पाहिल्या, मग परातीसारख्या झालेल्या एकेकाच्या. उगवतीच्या बाईच्या बसकरात योगायोगाने सगळी दोरी उगवतीचीच आली होती, सासूबाईंच्यात सगळी मावळतीची; परातींत मात्र कुठे ना कुठे दुसऱ्या गावची दोरी शिरली होती. ताई तिच्या शेजारी येऊन बसली. दोघींनी मिळून एक अर्धवट बसकर हातात घेतलं आणि सासूबाईंना सावकाश टाके घालायला सांगितलं. डोकी इतकी जवळ नेली, की सासूबाई म्हणाल्या, "नाकात जाईल दाभण."

तेव्हा ते दिसलं. टाका ओढला की दोरी जराशी लोळत होती. पिळाच्या बाजूने लोळली तर पीळ घट्ट बसत होता. उलट्या बाजूने लोळली तर थोडासा उघडत होता. दोरी ओली असते तोवर निमूट ऐकून घेते. वाळायला लागली की उघडलेला पीळ पुन्हा मिटायला बघतो, दोरी आखडते, बाहेरचे वेढे आत ओढले जातात, आणि कड वर उचलली जाते. उगवतीच्या बायका दोरी एका बाजूला पिळायच्या आणि शिवायच्याही तिला मानवेल तशा. मावळतीच्या बायका दोन्ही गोष्टी बरोबर उलट्या करायच्या. आपापल्या जागी दोन्ही ठीक. पूर्वी प्रत्येक घर आपली दोरी आपणच वळायचं आणि आपणच शिवायचं, त्यामुळे दोन रीतींची गाठ कधी पडलीच नव्हती. गटात येऊन ढीग एक झाला तेव्हा पडली.

"गाठ पडली नव्हती असं नाही," परातवाली हळूच म्हणाली. "एका ठिकाणी पडली होती."

ती आपल्या हातांकडे बघत होती. दोरी आईची, शिवण सासूची. इतकी वर्षं.

"हे सगळं बोलायला छान आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण मॅडम उद्या येणार. उगवतीच्यांची दोरी उगवतीच्यांनी शिवायची आणि मावळतीच्यांची मावळतीच्यांनी, हे तुझ्या शब्दावर सगळ्यांना कसं पटवू? आधीच एकमेकींचे गळे धरून बसल्यात."

"माझ्या शब्दावर नको," परातवाली म्हणाली. "मी एक बसकर करते. सासूबाईंच्या दोरीने."

मग कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि आई, तुम्ही एक करायचं. माझ्या दोरीने."

आता हसणं थांबलं. सासूबाईंचा टाका आजवर कोणी तपासला नव्हता. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता दाभण फेकून मारते.

सासूबाईंनी हात पुढे केला. "आण इकडे तुझी ती दोरी," त्या म्हणाल्या. "पण माझं सपाट झालं तर उद्यापासून कॅन्टीनला जायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"कबूल."

दोघी समोरासमोर बसल्या. परातवालीची दाभण धरायची सवय गेली होती. सासूबाई स्वतःचं शिवता शिवता तिच्यावर डोळा ठेवून होत्या. "जवळ घे. अजून जवळ. तो टाका काढ, पुन्हा घाल. सूट देऊ नकोस स्वतःला, नाहीतर उद्या म्हणशील टाका चुकला म्हणून झालं." दुपार टळेपर्यंत दोन्ही बसकरं पुरी झाली. दोन्ही सपाट, दोन्ही ओली. खिडकीखालच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळेआधीच शेडच्या दाराशी जमल्या. कुलूप काढलं तशी अध्यक्षबाई पुढे झाल्या, मग थांबल्या. "तूच जा," त्या परातवालीला म्हणाल्या.

परातवाली फळीपाशी गेली. डावीकडच्या बसकराच्या कडा वर आल्या होत्या. उजवीकडचं सपाट होतं. आपण कुठलं कुठे ठेवलं होतं हेच तिला आठवेना. तिने ताईकडे पाहिलं. ताईने उजवीकडे बोट केलं आणि मग ते परातवालीकडे वळवलं.

परातवालीने ते उचललं, जमिनीवर ठेवलं, कडेला बोट लावलं. डुललं नाही. दुसऱ्या बाजूने लावलं. नाही. मग ती त्यावर बसली. उठली, पुन्हा पाहिलं, पुन्हा बसली.

सासूबाई आपल्या बसकरासमोर उभ्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातून परात झाली होती. त्यांनी ती उचलली, उलटी केली, टाके मोजल्यासारखे बोटाने चाचपले. एकही टाका चुकला नव्हता. चुकला असता तर बरं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"म्हणजे इतकी वर्षं," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या चांगल्या शिवणीत तू तुझ्या आईची उलटी दोरी घालत होतीस. आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला माहीत होतं का, आई? आणि उलटी कशी? तुमची उलटी."

"माझी उलटी?"

"आरशात बघा हवं तर."

"आमचीच सरळ!" उगवतीची एकजण म्हणाली. "हात पुढे जातो तोच सरळ. मागे ओढतात तो काय..." आणि पुन्हा सुरू झालं, पण या खेपेला सगळ्या हसत भांडत होत्या. दोन्ही गावांत उलट्या रीती पडल्याच कशा, याची मग जोरात चर्चा झाली. कोणी म्हणालं, सकाळचं ऊन इकडून आणि संध्याकाळचं तिकडून म्हणून. कोणी म्हणालं, एखादी पहिली डावखुरी असेल. ते अजून कोणाला कळलेलं नाही. परातवालीने त्या प्रश्नाला आपल्या डोक्यात जागा करून दिली.

मॅडम दुपारी आल्या. त्यांनी सपाट बसकर हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, त्यावर तळवा दाबला. "हे असंच हवं. सगळी अशी होतील?"

"होतील," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि आवाजात पुरता भरवसा होता, कारण सकाळीच दोऱ्यांचे दोन ढीग झाले होते. उगवतीच्या ढिगाला लाल चिंधी, मावळतीच्याला निळी. शिवायला बसायचं ते मिसळूनच, पण उचलायची ती आपल्या चिंधीची. गट फोडायचा विषय कोणी काढला नाही.

मॅडमची नजर फळीवर गेली. "आणि ते कोणाचं?"

परातवालीने खाली पाहिलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"ते शिकाऊ हाताचं आहे," त्या म्हणाल्या.

मॅडम गेल्यावर बायका पोट धरून हसल्या. परातवालीचं नाव गटात राहिलं. ती आता कुठली दोरी घेणार, यावर थोडी चर्चा झाली. शिवण मावळतीची, म्हणून निळ्या चिंधीची, असं ठरलं. तिला परातवाली म्हणायचं मात्र कोणी थांबलं नाही. नाव तोंडात बसलं होतं, आणि ते बदलावं असं तिलाही वाटलं नाही.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एकेक करून सगळ्या निघाल्या. सासूबाई कुलूप घेऊन दारात उभ्या राहिल्या. परातवाली अजून आत बसली होती. तिने लाल ढिगातली एक दोरी घेतली होती आणि निळ्या ढिगातली एक, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून पहिला वेढा घालत होती.

"आता हे काय नवीन?" सासूबाई म्हणाल्या. "एक सरळ झालं ना? पुरे नाही झालं?"

"एक आखडणार, एक धरून ठेवणार," परातवाली मान वर न करता म्हणाली. "दोघी एकत्र घातल्या तर काय होईल?"

"काय होणार! भांडतील."

"तेच बघायचंय."

सासूबाईंनी बाहेर पाहिलं. उजेड अजून थोडा होता. त्यांनी कुलूप फळीवर ठेवलं, आपली परात उचलून जमिनीवर उपडी टाकली, आणि तिच्यावर नीट सावरून सुनेसमोर बसल्या.

"जवळ घे टाका," त्या म्हणाल्या. "अजून जवळ."